पंखा फिरतोय, पण हवा कुठाय? पेलेटच्या शेगडीची घरगुती दुरुस्ती

आत्याचा फोन सकाळी पावणेसातला आला. ती इंदूरच्या लोकमान्य नगरात चाळीसेक विद्यार्थ्यांचे डबे करते. त्या वेळेला तिला श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"अगं, धुवाँच धुवाँ होऊन राहिलाय. पातेल्याचं बूड बघ, डांबर फासल्यासारखं झालंय. मी ही शेगडी भंगारात देते आता."

मागून तिच्या हाताखालच्या पोराचा इंदुरी सूर ऐकू आला, "दीदी को बोलो, पंखा तो चल रिया है, पर हवा नी आ री."

त्या पोराला दुरुस्तीतलं काही कळत नाही, पण त्याचं निदान शंभर टक्के बरोबर होतं. ज्याच्याकडून शेगडी घेतली त्या माणसाने मात्र फोनवरच "नवा बर्नर टाकावा लागेल" असं सांगून टाकलं होतं. शेवटी खर्च झाला तो एक जुना टूथब्रश, सायकलच्या चाकाची एक तार, हातभर दोरी आणि रविवारची दुपार.

ज्यांनी ही वस्तू पाहिलेली नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफलं, सोयाबीनचं भुसकट असला माल दाबून केलेल्या बारीक कांड्या. जाडी साधारण ६ ते १० मिलिमीटर. आमच्या माळव्यात सोयाबीन उदंड, त्यामुळे भुसकटाला तोटा नाही. यात गोंद घालावा लागत नाही. यंत्रात दाब आणि उष्णता मिळाली की लाकडातलं लिग्निन नावाचं द्रव्य मऊ होतं आणि तेच चिकटवतं. कारखान्याच्या बॉयलरमध्ये जातात ते मनगटाएवढे ठोकळे, ज्यांना इथे 'सफेद कोयला' म्हणतात, ते याच घराण्यातले थोरले भाऊ.

शेगडीत चार गोष्टी असतात. पेलेट भरायचा डबा म्हणजे हॉपर, भोकं पाडलेलं जळणाचं भांडं म्हणजे बर्नर, त्याखाली जाळी, आणि हवा ढकलणारा पंखा. बाकी सगळा पत्रा.

आता एक छोटा प्रयोग करा, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. मेणबत्ती पेटवा, मिनिटभर जळू द्या आणि फुंकून विझवा. वातीतून पांढरा धूर वर जाईल. लगेच पेटती काडी त्या धुरात धरा, वातीला न लावता. ज्योत धुरावरून उडी मारून वातीवर येते. म्हणजे जळत होतं ते मेण नव्हे, मेणाची वाफ. लाकडाचंही तसंच. तापमान दोन-तीनशे अंशांवर गेलं की लाकूड आतून फुटायला लागतं आणि ज्वालाग्राही वायू सोडतं. कोरड्या लाकडाच्या वजनातला तीन चतुर्थांश किंवा त्याहूनही जास्त भाग असा वायू होऊन निघून जातो. मागे राहतो कोळसा. आपल्याला दिसते ती ज्वाळा या वायूची, आणि आपल्याला खोकवतो तो धूर म्हणजे पेटायचं राहून गेलेला वायू. आत्याच्या स्वयंपाकघरात भरला होता तो धूर म्हणजे तिने पैसे देऊन आणलेलं, न जळलेलं इंधन.

म्हणून या शेगडीत हवा दोन ठिकाणांहून सोडतात. खालून जाळीतून येणारी हवा पेलेटना धुमसत ठेवते, त्यातून वायू सुटतो. भांड्याच्या वरच्या कडेला गोल भोकांची रांग असते, तिथून येणारी हवा तो वायू जाळते. पंखा एकच, वाटे दोन. कुठल्या वाटेने किती हवा जायची हे केवळ भोकांच्या आकारावर ठरतं. इथेच सगळी गोम आहे. एक वाट तुंबली की तिकडची हवा कमी होतेच, शिवाय दुसऱ्या वाटेने नको तेवढी घुसते.

त्यामुळे ज्वाळेकडे नुसतं दोन मिनिटं पाहिलं तरी आजार कळतो. खालची जाळी राखेने बुजली असेल तर ज्वाळा आखूड आणि अधूनमधून विझल्यासारखी होते, वरची जादा हवा तिला गार करते. वरची भोकं काजळीने बुजली असतील तर उलट. खालून वायू भरपूर सुटतो पण त्याला जाळायला वर हवाच नसते, मग लांब, पिवळी, आळसावलेली, टोकाला काळी होणारी ज्वाळा निघते आणि पातेल्याचं बूड काळं होतं. आणि दोन्हीकडे हवा कमी असेल, तर पंख्याकडे वळा.

आत्याकडे वरची भोकं अर्धी बंद आणि पंखाही आजारी, असं जोडीनं होतं.

हवा लागते तरी किती? एक किलो पेलेट पूर्ण जळायला साधारण पाच ते सहा किलो हवा लागते. हवा वजनाला हलकी, त्यामुळे ती होते चार-पाच हजार लिटर. घराच्या गच्चीवरच्या पाण्याच्या चार-पाच टाक्या डोळ्यांसमोर आणा. तेवढी हवा एका तळहाताएवढ्या पंख्याने किलोमागे ओढायची. प्रत्यक्षात शेगडीला याहून बरीच जास्त द्यावी लागते, कारण सगळी हवा नेमकी वायूला भेटतेच असं नाही.

दुरुस्तीला बसण्याआधी शेगडी पूर्ण थंड हवी. रात्रभर नव्हे, मी तर पुढचा दिवसही जाऊ देते. राखेत दडलेला निखारा फार चिवट असतो. प्लग काढून ठेवायचा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. राख उडते, म्हणून तोंडाला रुमाल किंवा मास्क.

पंख्याची परीक्षा मी कचऱ्याच्या मोठ्या पिशवीने करते. पंखा नळीसकट सोडवायचा, नळीच्या तोंडाला रिकामी पिशवी धरायची आणि फुगायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. आत्याचा पंखा चौदा सेकंद घेत होता. आवाज ऐकाल तर घणघणीत. पण पात्यांना बोटभर जाडीची करडी लोकर लागली होती. ती ओढून पाहिली तर चक्क कणीक! ही बया शेगडीच्या शेजारीच पोळ्या लाटते. पंखा खोलीतलीच हवा ओढतो, त्या हवेत उडतं पीठ आणि फोडणीच्या तेलाचे कण. पिठावर तेल, तेलावर पीठ, असा थर वर्षभर चढत गेला. पात्याची वक्र पाठ भरून निघाली की पातं फिरतं खरं, पण हवेला पकडत नाही. टूथब्रश आणि कोरड्या फडक्याने, चिकट जागी किंचित रॉकेल लावून साफ केलं. मोटरीवर पाणी घालायचं नाही आणि पातं वाकवायचं नाही. एखादं वाकलं तर पंखा थरथरायला लागतो आणि बेअरिंग खातो. साफसफाईनंतर तीच पिशवी सहा सेकंदांत फुगली.

पंखा मुळीच फिरत नसेल तर तो कुठल्या जातीचा आहे ते बघा. छोट्या शेगड्यांत बहुधा १२ व्होल्टचा, संगणकात असतो तसला पंखा असतो आणि त्याला भिंतीवरचा अडॅप्टर. मल्टिमीटर असेल तर अडॅप्टर मोजा, पण पंखा जोडलेला असताना. नुसता मोजला तर खराब अडॅप्टरही ऐटीत बारा दाखवतो. पंखा जोडला की सातावर येऊन बसतो. शेजारच्या पोरांच्या भाषेत, घरी वाघ, बाहेर मांजर. असा अडॅप्टर जेल रोडला कुठल्याही दुकानात मिळतो, फक्त जुन्यावर लिहिलेले व्होल्ट तेच आणि अँपियर तेवढे किंवा जास्त, एवढं पाहून घ्या. नवा पंखा बसवताना दिशा चुकते, हे मी दोन ठिकाणी पाहिलंय. चौकटीवर बाण असतो. तो नसेल तर ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या काड्या आहेत, त्या बाजूने हवा बाहेर पडते.

मोठ्या शेगडीत घरच्या विजेवर चालणारा ब्लोअर असतो. तो नुसता गुणगुणत असेल, आणि बंद करून काडीने पातं ढकलून चालू केल्यावर फिरायला लागत असेल, तर बहुतेक मोटरीला सुरुवातीचा धक्का देणारा कपॅसिटर गेला. तो बदलणं दोन तारांचं काम आहे, पण कपॅसिटर प्लग काढल्यावरही झटका देऊ शकतो. ज्याला सवय नाही त्याने हे इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं. इथे शहाणपणा दाखवू नये.

भोकं मी सायकलच्या तारेने साफ करते. बाहेरून आत ढकलायचं, म्हणजे काजळी भांड्यात पडते, हवेच्या पोकळीत नाही. आत्याच्या पोराने विचारलं, ड्रिल मारून भोकं मोठीच करून टाकू का, परत बुजायची कटकट नको. नको रे बाबा. भोक लहान असतं म्हणून हवा जोरात, पिचकारीसारखी आत येते आणि वायूत घुसते. भोक मोठं केलं की तीच हवा रेंगाळत कडेकडेने वर निघून जाते, वायू मध्येच राहतो. हवा तेवढीच, धूर दुप्पट.

आता गळती. पंख्याच्या शेगडीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो, त्यामुळे राखेच्या दाराची किंवा हॉपरच्या झाकणाची फट म्हणजे धुराला मोकळी वाट. दारात एक दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. अडून बसली तर ठीक, सहज सरकली तर दाराच्या कडेला फट बुजवायला बसवलेली दोरी तिथे गेली. चारी बाजूंनी करून पाहा. सियागंजात हार्डवेअरच्या दुकानात गेलात की "अ‍ॅस्बेस्टॉस की रस्सी" पुढे करतील. ती घेऊ नका, तिचे तंतू फुप्फुसात कायमचे बसतात. काचेच्या तंतूंची किंवा सिरॅमिक फायबरची दोरी मागा, ती कापतानाही मास्क लावा. बर्नरजवळच्या भेगेसाठी फायर क्ले, म्हणजे आच सोसणारी माती. एपॉक्सीची लुगदी तिथे तासभरही टिकणार नाही, जळून उलट घाण वास मारेल.

जाळीबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण यात फसवणूक फार. साध्या लोखंडाची जाळी खपल्या पडून काही महिन्यांत झिजते, म्हणून स्टीलची घ्यायची, निदान ३०४ प्रतीची. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, "देखो, नी चिपक रिया, असली है." स्वस्त २०२ प्रतीचं स्टीलही चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे त्या परीक्षेने काहीच सिद्ध होत नाही. पक्कं बिल मागा. आणि गॅल्व्हनाइझ्ड पत्रा बर्नरमध्ये वापरू नका, ना तो वेल्ड करून घ्या. त्यावरच्या जस्ताची वाफ हुंगली तर रात्री थंडी वाजून ताप भरतो.

शेगडी आता ठीक. पण निम्म्या तक्रारी शेगडीच्या नसतातच, पोत्यातल्या असतात.

एक पेलेट पाण्याच्या ग्लासात टाका. चांगली दाबलेली असेल तर तळाला जाते. तरंगली तर दाब कमी पडलाय. थोड्या वेळात ती फुगून भुसा होईल, ते चांगल्या पेलेटचंही होतं, आणि पावसाळ्यात पोतं भिंतीला टेकवून ठेवलं की नेमकं हेच होतं. झाकणाचं प्लास्टिकचं पिंप हवं. हातात मोडून पाहिली तर 'कट' असा आवाज यावा. ओलावा दहा टक्क्यांच्या आत हवा, कारण ओल्या पेलेटची उष्णता आधी स्वतःचं पाणी उकळण्यात जाते आणि उरलेल्यात वायू नीट पेटत नाही. पोत्याच्या तळाचा चुरा गव्हाच्या चाळणीने चाळून टाका. चुरा दोन पेलेट्समधल्या फटी बुजवतो, खालची हवा अडते, आणि आपण जाळीला दोष देत बसतो.

राखही मोजून पाहा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर किलोभर पेलेट तोला, जाळा, थंड राख तोला. स्वच्छ लाकडाच्या भुशाची राख एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे दहा-पंधरा ग्रॅम. शेतमालाच्या पेलेटची पाच ते दहा टक्के, भाताच्या तुसाची तर वीसपर्यंत. आत्या दिवसाला दहा किलो जाळते; दहा टक्के राख म्हटली तरी रोज एक किलो. ती जाळीतून पडायला जागा आहे का, पोरगं दिवसातून किती वेळा हलवतं, हा प्रश्न यंत्राचा नाही, शिस्तीचा आहे.

आणि राख नुसती जास्त असून भागत नाही, काही राख वितळते. शेतातल्या पिकांत पोटॅशियम जास्त, आणि त्यामुळे राख लवकर मऊ होते, काही वेळा आठ-नऊशे अंशांनाच. मग जाळीवर काचेसारखे खंगर बसतात. वीटभट्टीत जास्त भाजून चिकटलेल्या विटा पाहिल्यात ना, तसे. माती मिसळलेला माल असेल तर आणखीच. यावर इलाज दोन. खालची हवा थोडी कमी करून जाळीजवळचं तापमान उतरवायचं, आणि भुसकटाच्या पेलेटमध्ये लाकडाच्या पेलेट मिसळायच्या. खंगर गरम असताना त्यावर पाणी मारून तडकवायची युक्ती एका शेजाऱ्याने आत्याला सांगितली होती. खंगर तडकतो खरा, पण सोबत आतलं फायर क्लेचं अस्तरही.

माल असा वरखाली का येतो? २०२१ मध्ये केंद्र सरकारने औष्णिक वीजकेंद्रांनी कोळशासोबत ठरावीक प्रमाणात पेलेट जाळाव्यात असं धोरण आणलं. तेव्हापासून गिरणीवाल्याला ट्रकने उचलणारं गिऱ्हाईक मिळालं. चार पोती नेणाऱ्या आत्याच्या वाट्याला उरलासुरला माल येतो, असा माझा आपला संशय. याआधीही एक फेरी होऊन गेलीय. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. एच. एस. मुकुंदा यांच्या गटाने पंख्याच्या शेगडीचं शास्त्र मांडलं, त्यातून या शतकाच्या पहिल्या दशकात 'ऊर्जा' नावाची घरगुती शेगडी बाजारात आली आणि लाखो घरांत पोचली. शेगडी उत्तमच होती. पेलेट महाग झाल्या तशी खूप घरांतून ती माळ्यावर गेली.

आत्याचा मुलगा अमेरिकेत न्यू हॅम्पशायरला असतो. आमची रविवारची खटपट व्हिडिओवर पाहून म्हणाला, "ताई, माझीही बघ ना." त्याची शेगडी स्वयंपाकाची नाही, घर गरम करायची. असली शेगडी १९८० च्या दशकात अमेरिकेच्या वायव्य भागात रूढ झाली. जेरी व्हिटफिल्ड नावाच्या विमान-अभियंत्याचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. तिथे पेलेट ४० पौंडांच्या पिशव्यांत मिळतात, ५० पिशव्या म्हणजे त्यांचा एक टन. हॉपरमधून त्या एक फिरता स्क्रू खाली ढकलतो, खिमा करायच्या यंत्रात असतो तसा, आणि विजेची तापलेली कांडी त्या पेटवते.

त्याची तक्रार अशी: पेटते, दहा मिनिटं चालते, मग पेलेट पडणंच बंद. त्याने स्क्रूची मोटर मागवायची तयारी केली होती. मी म्हटलं, आधी दारात नोट धर.

त्याच्या शेगडीत हवेचा खेळ उलटा आहे. पंखा मागच्या टोकाला असतो आणि धूर ओढून पाइपातून बाहेर टाकतो, त्यामुळे आत दाब कमी. आत्याच्या दाराला फट पडली की धूर बाहेर येतो, त्याच्या दाराला फट पडली की बाहेरची हवा आत घुसते. धूर येत नाही, म्हणून फट कळत नाही. पण हवा जाळीऐवजी फटीतून आली की ज्वाळा सुस्तावते, आणि आतला कमी दाब मोजणारा एक छोटा स्विच 'ओढ नाही' असं समजून स्क्रूची वीज तोडतो. बिचारी मोटर ठणठणीत असते. त्या स्विचला जाणारी रबरी नळी राखेने बुजली तरी हेच होतं. नोट अडून बसली, म्हणजे दार ठीक. नळी काढून फुंकर मारली तर फुंकर जाईना. पिन घालून राखेचा खडा काढला आणि शेगडी चालली. फुंकताना नळी स्विचवरून काढलेली हवी, नाहीतर आतला पडदा फाटतो.

आता जे दुरुस्तीत मोडत नाही पण सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही ते. ज्वाळा संपली की उरलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस 'जरा पडतो' म्हणून आडवा होतो. इंदूरच्या जानेवारीत ऊब बरी वाटते म्हणून स्वयंपाकाची शेगडी झोपायच्या खोलीत नेणं म्हणजे शेकोटी घेऊन कपाटात बसणं. धुराडं नसलेली शेगडी उघड्या खिडकीपाशीच.

वीज गेली तर? पंखा थांबतो, वायू सुटतच राहतो, खोली धुराने भरते, आणि हॉपरचं झाकण उघडं असेल तर विस्तव हळूहळू उलटा हॉपरकडे सरकतो. म्हणून झाकण कायम बंद. आत्याला मी १२ व्होल्ट, ७ अँपियर-अवरची बॅटरी लावून दिली, यूपीएसमध्ये असते ती. तिचा पंखा अर्धा अँपियर खातो, तेव्हा आठ-दहा तास सहज निघतात.

सगळं जोडून झालं, ज्वाळा आखूड आणि निळसर झाली, आत्याने पातेलं घासून परत चढवलं. फक्त एक बारीक शिट्टी वाजत राहिली. शोधलं तर पंख्याच्या नळीच्या जोडावर केसाएवढी फट होती. तिथून निव्वळ ताजी हवा सुटते, धोका काही नाही, पण मला असलं काही राहिलेलं खपत नाही. मी टेप घेऊन वाकले तर आत्याने हात धरला.

"राहू दे गं. मी मागच्या अंगणात भाजी निवडत बसते तेव्हा तीच तर ऐकू येते. थांबली की समजायचं, पंखा गेला."